ढोल कुणाच्या पायाकडे पाहतो

कापूस फुटला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. आता मी सिंदी मेघ्यात राहते. घराला अंगण आहे पण शेत नाही, आणि कापसाची पऱ्हाटी बघायची तर रिक्षा करून वस्तीबाहेर जावं लागतं. तरी दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकायला लागले, की चाळीस वर्षांपूर्वीचा एक हंगाम डोळ्यांसमोर उभा राहतो आणि मी दचकते. इतक्या वर्षांत तो धक्का जुना व्हायला हवा होता. लग्न झालं, मुलं झाली, नोकरीतून मोकळी झाले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली; तो धक्का मात्र तसाच आहे. हंगाम आला की तोही येतो.

यंदा तर निमित्तही मिळालं. आमच्या शेजारची मीना शाळेत शिकवते. उत्साही आहे, जरा जास्तच. तिनं वस्तीतल्या हॉलमध्ये दर शनिवारी बायकांसाठी लोकनृत्य सुरू केलं आहे. टेपरेकॉर्डर लावायचा आणि गोल करून नाचायचं. परवा ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

"काकू, नवीन बायका येतात, भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात, आणि पुढच्या शनिवारी येतच नाहीत. म्हणून मी आता ठरवलंय, नवीन बाईनं पहिले चार शनिवार नुसतं बसून बघायचं. खुर्च्यासुद्धा मांडल्यात. बघून बघून शिकतील, लाज मोडेल, मग घेऊ त्यांना."

"कोणाला बसवू नकोस!"

मी इतक्या जोरानं ओरडले की ओसरीवर दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडाल्या.  मीना हळूच म्हणाली, "काकू, बी.पी.ची गोळी घेतली का आज?"

गोळी घेतली होती. पण तिला काय सांगणार? एका बाईला मी असंच, अगदी तिच्या भल्यासाठी, बसवलं होतं. कमरेवर हात ठेवून, शिट्टी वाजवून.

मी पवनारची. धाम नदीच्या काठाला आमची थोडी ओलिताची जमीन, घरात सतरा माणसं. मॅट्रिक झाले तेव्हा घरात मोठी खडाजंगी होऊन शेवटी वडिलांनी मला ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला धाडलं. ट्रेनिंग संपलं आणि कारंज्याला नेमणूक आली. त्या वेळी आम्ही मध्यप्रदेशातले की मुंबई राज्यातले, हेच लोकांना धड ठाऊक नव्हतं. कागदावर एक छापलेलं असे, शिक्का दुसराच मारलेला असे. मला मात्र स्वतःविषयी कसलीच शंका नव्हती. वय बावीस, अंगावर खादीची पांढरी साडी, बगलेत रजिस्टर आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मला कशासाठी दिली होती हे आजतागायत कळलेलं नाही. पण सरकारनं दिलेली वस्तू वापरायची, ही आमच्या घरची शिकवण.

माझ्याकडे जी गावं होती त्यांतला एक होता गोंडांचा टोला. डोंगराच्या पायथ्याला, कारंज्यापासून अडीच कोसांवर. पंचवीस-तीस घरं, शेणानं सारवलेली, इतकी स्वच्छ की माझ्या रजिस्टरातल्या 'स्वच्छतेचा प्रचार' या रकान्यात काय लिहावं असा प्रश्न पडे. टोल्याचं नाव सांगत नाही. चूक माझी, त्यात त्यांचं नाव कशाला. म्हातारी माणसं घरात गोंडी बोलत, माझ्याशी वऱ्हाडी. पुरुष जंगलखात्याच्या कामावर जात, बायका आजूबाजूच्या पाटलांच्या शेतात निंदण-वेचणीला.

मी जाऊन पोचले तेव्हा कापसाचा पहिला वेचा सुरू व्हायचा होता. पऱ्हाटीला दही-भात वाहून सीतादईची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा टोला शेतात. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. सकाळी पानांवर दहिवर इतकं असे की लुगड्याचा घोळ गुडघ्यापर्यंत भिजे. ऊन वर आलं की बोंडं वाळत आणि कापूस हलका होई. बायका कमरेला ओटी बांधत, दोन्ही हातांनी वेचत, तोंडानं बोलत, आणि एकीचीही ओळ सुटत नसे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडून निघत. दुपारी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बांधावरच्या तुरीच्या हिरव्या शेंगा. मीही त्यांच्यासोबत वेचत असे. म्हणजे वेचता वेचता देवीच्या टोचणीविषयी व्याख्यान देत असे. त्या ऐकत. कधीकधी एखादी माझ्या ओटीतला कचरा निवडून देई, कारण मी बोंडाची सालपटंसुद्धा सोबत तोडायची.

अशातच वरून निरोप आला. कारंज्याला मेळावा आहे, नागपूरहून पाहुणे येणार, आदिवासी नृत्य हवं. बारा बायका, दहा मिनिटं. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "जरा चपळ बसवा. लोक कंटाळायला नकोत."

नाच 'बसवायचा' म्हणजे काय, हे मला काय ठाऊक? आमच्या घरात लग्नात बाई नाचली असती तर चार पिढ्या बोलणी खाल्ली असती. आमच्याकडे पोरी आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणत, पण बसून. टाळ्या वाजवायच्या, झाकलेली खिरापत ओळखायची, खायची आणि घरी यायचं. फार तर अंगणात एखादी फुगडी, तीसुद्धा पुरुषमाणसं बाहेर गेलेली बघून. पण ट्रेनिंग झालेल्या माणसाला सगळंच येतं अशी माझी समजूत होती.

टोल्याच्या बाहेर आखर होता. सकाळी गुरं जमतात ती मोकळी जागा. वेचणीहून परतल्यावर, दिवस मावळायच्या आत, बायका तिथं जमत आणि नाचत. मेळाव्यासाठी नव्हे, त्यांच्या त्यांच्यासाठी, त्या हंगामात रोजच. मी पहिल्यांदा पाहिलं आणि उभी जागच्या जागी थिजले. सत्तावीस बायका, एकीचा हात दुसरीच्या कमरेमागं, सगळी मिळून एकच रांग, आणि ती रांग पुढं जाई, मागं येई, डावीकडं सरके. पायांखालची धूळ मावळत्या उन्हात तांबूस दिसे. ज्यांना मी दिवसभर टोचणीचं महत्त्व सांगत होते त्या याच का, असं मनात आलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मग ती लाज मी लगेच गिळून टाकली, कारण मला बारा निवडायच्या होत्या.

रांगेच्या टोकाला झिंगीबाई असे. साठीची, काटक, टोल्यातल्या सगळ्या बायका तिच्या शब्दात. समोर ढोल घेऊन सोमाजी, तिचाच चुलत दीर. आणि या सोमाजीनं मला वैताग आणला. नाच रंगात येतोय असं वाटावं आणि त्याचा ढोल मंदावावा. पुन्हा वाढे, पुन्हा मंदावे. साहेबांना चपळ पाहिजे आणि इथं ढोल मरगळलेला.

"सोमाजी, झोप आली का तुमाले?" मी विचारलं.

"नाई बाई."

"मंग हात काऊन हळू होते?"

तो हसला. "हाताचं काय हाये बाई? हात पायामांगं चालते."

मला वाटलं, म्हातारा टोलवतोय. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण माहीत होती. वाजवता येईना तर पायांना दोष, ही नवी ऐकली.

तिसऱ्या संध्याकाळी मला कारण सापडलं, आणि सापडलं म्हणून मला केवढा आनंद झाला! रांगेच्या अगदी मध्यभागी, दोन तरबेज बायकांच्या मध्ये एक अशी उभी होती की जिला काहीच येत नव्हतं. ती डावा पाय पुढं टाके तेव्हा रांग मागं येत असे. ती झिंगीबाईची नवी सून, फुलवंता. पहिल्या नवऱ्याकडून सुटलेली, झिंगीबाईच्या मुलाशी पाट लावून दोनच महिन्यांपूर्वी टोल्यात आलेली. मधली काही वर्षं वर्ध्याला भावाकडे राहून जिनात सरकी वाहत होती. गोंडी विसरलेली, नाच तर विसरलेलीच. तिचं पाऊल चुकलं की ढोल मंदावे, हे मी माझ्या दोन डोळ्यांनी टिपलं. मध्यभागीच अडाणी बाई उभी केली तर दुसरं काय होणार? शेवटाला तरी ठेवायची!

मी शिट्टी वाजवली. ढोल थांबला, रांग थांबली. फुलवंताच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मात्र खुललेला, चुकत होती तरी. मी तिच्याजवळ गेले. रागावले नाही, हे मुद्दाम सांगते. अगदी गोड आवाजात म्हणाले, "फुलवंता, तू बस. तिथं बाजूला बसून पाह्य. जमलं म्हणजे येजो."

आमच्या घरी आल्यागेल्याला पहिला शब्द 'बसा' असा असतो. बस म्हणण्यात काय वाईट?

फुलवंतानं आधी झिंगीबाईकडे पाहिलं, मग सोमाजीकडे.  तिच्या कमरेमागचे दोन्ही बाजूंचे हात सुटले. ती रांगेतून बाहेर आली आणि मी दाखवलं तिथं, धुळीत, जाऊन बसली. मी म्हटलं, "हं, वाजवा." सोमाजीनं ढोल वाजवला. चांगला चपळ वाजवला. मी दोनदा 'शाबास' म्हटलं. थोड्या वेळानं बायका एकेक करून घरी निघाल्या, आणि मला वाटलं, दिवसभराच्या थकल्या असतील.

सकाळी शेतात गेले. झिंगीबाईच्या शेजारची ओळ धरली. तिनं माझ्या ओटीतला कचरा निवडला, नेहमीसारखा. थोड्या वेळानं मी विचारलं, "फुलवंता नाई दिसत?"

"गेली."

"कुठं गेली?"

"पाहाटंच गठुडं बांधलं अन् गेली. तुमी बसवलं नं तिले."

मला काही उमगेना. मी म्हटलं, "अवं, नाचातून बसवलं. शिकाले."

झिंगीबाईचे हात थांबले. त्या हंगामात तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. ती म्हणाली, "बाई, आमच्या टोल्यात रांग उठली का सारे उठते. ज्याच्या घरी मौत झाली तो नाई उठत. अन् ज्याले टोल्याबाहेर काढलं, त्याले बसवते. पंच बसवते. ढोलापुढं बसवलं का त्या माणसाले मंग पाणी नाई, चुलीले इस्तो नाई, बोलणं नाई. पंचानं बसवलं तं हातापाया पडता येते. तुमी तं सरकार हा. शिट्टी वाजवून बसवलं. आता कोणाच्या पाया पडाव?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा वाक्प्रचार मी शाळेत निबंधात कितीदा वापरला असेन; त्या दिवशी खरोखर पऱ्हाटीचं झाड धरून उभी राहिले.  मला वाटलं, ही ओरडेल, शिव्या देईल. तिनं काहीच केलं नाही. शांतपणे सांगत राहिली, आणि ते शांत सांगणं मला कानाखाली वाजवल्यासारखं लागलं.

तिच्याकडूनच मग बाकीचं कळलं. टोल्यात नवं माणूस आलं, सून असो, जावई असो, की त्या हंगामात त्याला रांगेच्या मध्यभागी घ्यायचं. दोन्ही बाजूंना जाणती माणसं द्यायची, म्हणजे पडायला जागाच राहत नाही. कडेला ठेवलं तर नव्या माणसाचा एक हात रिकामा राहतो, आणि रिकाम्या हाताला भीती वाटते. ढोलवाल्यानं पाहायचं ते त्या नव्या पायांकडे. ते पाय जितके चालतील तितका ढोल. आठ दिवस लागोत की महिना. पाय बसले की ढोल आपोआप वाढतो, आणि ज्या दिवशी तो वाढला त्या दिवशी ते माणूस टोल्याचं झालं. मग ती बाई कोणाच्याही बाळंतपणात बसू शकते, कोणाच्याही घरचं बी हाताळू शकते. सोमाजीचा ढोल मरगळलेला नव्हता. तो त्याचं काम करत होता, आणि मी त्याचं काम मोडून टाकलं होतं.

"अन् तिले एकदा बसवलंच होतं," झिंगीबाई म्हणाली. "पह्यल्या गावी. पोर झालं नाई म्हून. आमी म्हटलं, आमच्या रांगेत ये लेकी."

फुलवंताची ही दुसरी रांग होती. तिसरी कुठून आणणार होती ती?

मीनाला हे सगळं सांगायचा धीर झाला नाही. फक्त रीत तेवढी सांगितली. म्हटलं, खुर्च्या उचल. नव्या बाईला मागच्या ओळीत नको, कडेला नको, अगदी मध्ये घे, आणि दोन्ही बाजूंना अशा बायका दे की ज्यांना आपण छान नाचतो हे कोणाला दाखवायची हौस उरलेली नाही. तिला चूक सांगू नको. हात धरलेला असला की पायाला आपोआप कळतं. आणि गाण्याची चाल सगळ्यात नव्या पायाला झेपेल एवढीच ठेव.

मीना म्हणाली, "काकू, बाकीचं जमेल. पण कॅसेट हळू कशी करणार? ती कुठं कोणाकडे बघते?"

खरं आहे तिचं.  सोमाजी काही दुकानात मिळत नाही.

तर त्या सकाळी मी कमरेची ओटी तशीच टाकली आणि, मोटार धरायला फुलवंता तिथंच जाणार म्हणून, कारंज्याकडे निघाले. निघाले कसली, धावतच सुटले. अडीच कोसांचा तो रस्ता मला एरवी फार आवडे. तुरीची पिवळी फुलं, नाल्यातलं नितळ पाणी. त्या दिवशी मला फक्त माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत होती, ती मी काढून पिशवीत टाकली. वाटेत एकदा बसून रडूनही घेतलं. मग वाटलं, रडत काय बसलीस, मोटार निघून गेली तर? नागपूरची मोटार की अमरावतीची, हेही ठाऊक नव्हतं.

ती सापडली. मोठ्या रस्त्याला, ढाब्याच्या पलीकडे, मैलाच्या दगडाला टेकून. गाठोडं मांडीवर. ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकची धूळ तिच्या तोंडावर बसत होती. तिनं मला पाहिलं आणि चटकन उठून उभी राहिली. सरकारी बाई आली म्हणून उठली! मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोटार गेली का?" मी धापा टाकत विचारलं.

"दोन गेल्या."

"मंग तू काऊन नाई गेली?"

"जाऊ कुठं?" ती म्हणाली. "भावाच्या घरी त्याची बायको नाई ठेवत. म्हून मोटार आली का पाहतो, अन् जाऊ देतो."

मी तिची माफी मागितली. कशी मागितली, काय शब्द वापरले, आता आठवत नाहीत. सरकारी माणसानं माफी कशी मागायची हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. म्हटलं, मला माहीत नव्हतं गं. आमच्याकडे बस म्हणजे नुसतं बस. ती ऐकत होती. राग तिच्या चेहऱ्यावर शोधून सापडेना. त्यामुळे मला जास्तच भ्यायला झालं. ज्या माणसाला राग येईनासा होतो त्याला किती वेळा बसवलेलं असेल?

"परत चाल," मी म्हटलं.

"बसवलेल्या माणसाले आपल्या मनानं उठता येत नाई बाई. ज्यानं बसवलं त्यानं उठवा लागते."

"मी उठवतो. आत्ता उठवतो. काय कराव लागते सांग."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. "हात धरून रांगेत घ्या लागते. अन् सोबत नाचा लागते. तुमाले येते?"

"नाई येत."

फुलवंताला हसू आलं. धुळीनं भरलेल्या तोंडावर ते हसू इतकं अवचित होतं की मी बघतच राहिले. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

मेळाव्याचं काय झालं तेही सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला ती रुखरुख राहील. बारा गेल्या नाहीत, सत्तावीसच्या सत्तावीस गेल्या. ढोल कधी चालला, कधी रेंगाळला. पाहुण्यांपैकी एकाला डुलकी लागली. साहेबांनी माझ्या कामाच्या शेऱ्यात लिहिलं, 'शिस्त लावण्यात कमी पडतात.' पुढं नोकरीत पुष्कळ बरे शेरे मिळाले, पण तो एकच मला तोंडपाठ आहे.

पण हे नंतरचं. त्या दिवशी आम्ही दोघी परतलो तेव्हा बायका वेचणीहून येतच होत्या. आखरावर सगळ्या जमल्या. कोणी विचारलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. मी चपला काढल्या, फुलवंताचा हात धरला आणि रांगेसमोर उभी राहिले.  पवनारला कळलं तर काय होईल, साहेबांना कळलं तर काय होईल, हे एकदम डोक्यात आलं. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट लिहिते, कारण लिहायला बसले आहे तर खरंच लिहावं: आमच्या घरी मजुरीला येणाऱ्या अशा बायकांना पाणी वरून ओततात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या ओंजळीला आमचा तांब्या लागत नसे. आणि आता झिंगीबाईनं माझा हात उचलून आपल्या कमरेमागं नेऊन ठेवला. दुसरा फुलवंताच्या कमरेमागं. घामाचा, कापसाचा, रानातल्या धुराचा वास. मला वाटलं होतं, अंगाला काहीतरी होईल. काहीही झालं नाही. हात तिथं तसाच राहिला, जसा काही नेहमी तिथंच होता.

ढोल सुरू झाला. डावा पाय पुढं, मागं, मग एक पाऊल बाजूला. इतकं सोपं. मी पहिल्याच फेरीला फुलवंताच्या पायावर पाय दिला. दुसऱ्या फेरीला झिंगीबाईच्या. सगळ्या हसल्या, मोठ्यानं हसल्या, पण रांग काही तुटली नाही. पडायला खरंच जागा नव्हती. मी चुकले की दोन्ही बाजूंचे दंड मला उचलून पुढच्या पावलावर नेऊन ठेवत.

ढोल अगदी मंद होता. मला भरून आलं. मनात म्हटलं, बिचारी फुलवंता, अजून पाऊल सापडत नाही तिला. पण हरकत नाही, आता मी आहे, थांबू आपण सगळे तिच्यासाठी. मी तिच्या कानाशी म्हटलंसुद्धा, "घाबरू नको, येईल तुले."  आणखी दहा-बारा फेऱ्या झाल्या. दिवस डोंगराला टेकला. ढोल तसाच, बैल पाण्याला जावा तसा. मला धीर निघेना. मी समोर पाहून म्हटलं, "सोमाजी, आता थोडं वाढवाल का? फुलवंताले जमून राह्यलं."

सोमाजीनं मान वर केली नाही.

"फुलवंता केव्हाचीच पावलाले लागली बाई," तो म्हणाला. "मी तुमच्या पायाकडं पाहून राह्यलो."

मी खाली पाहिलं. फुलवंताचे पाय झिंगीबाईच्या पायांबरोबर पडत होते. पुढं, मागं, बाजूला. सबंध रांगेत चुकणारे पाय दोनच होते. चोवीस तासांपूर्वी मी जे कारण शोधून काढलं होतं ते आज मी होते, आणि सत्तावीस बायका दिवसभर वेचून आलेल्या अंगानं माझ्यासाठी पाऊल धरून थांबल्या होत्या. कान तापले.  माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसतो वं. तुमी नाचा."

माझा हात सुटायच्या आत फुलवंतानं माझा दंड पकडला. जिनात पोती उचललेला हात तो, बोटं हाडापर्यंत रुतली.

"बसाचं नाई बाई," ती म्हणाली. "पाऊल चुकलं म्हून आपल्या टोल्यात कोणाले बसवत नाई."

सोमाजीनं ढोल आणखी हळू केला.